आमची वाटचाल : पुसू नका, तशीच द्या

जुनी गाडी बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "चालू आहे का?" आम्ही आधी वेगळंच सांगतो. ही गाडी कारखान्यातून निघाली तशीच टिकलेली आहे, की हिला नव्यानं उभी करावी लागणार? टिकलेलीला आम्ही 'जशीच्या तशी' म्हणतो आणि दुसरीला 'प्रोजेक्ट'. विकतो दोन्ही, पण प्रोजेक्टला रंग फासून जशीच्या तशी म्हणून खपवायचं काम आमच्या दारात होत नाही.

सुरुवात लेथवर झाली. बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांचा एक गाळा होता, इंजिनाच्या रीबोअर आणि क्रँक ग्राइंडिंगचा, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आणि क्रँक घासून पुन्हा मापात आणायचा. तेव्हा निपाणी-संकेश्वर-बेळगाव वडापला अ‍ॅम्बॅसिडर आणि जीपा पळायच्या. गाडीवाले संध्याकाळी इंजिनाचा ब्लॉक आणून टाकायचे आणि सकाळी गाडी लाइनीला पाहिजे म्हणायचे. पुढं वडापला ट्रॅक्स जीपा आल्या, घरोघरी मारुती आली, आणि अ‍ॅम्बॅसिडर-फियाट वजनावर भंगारात जायला लागल्या. त्या वेळी आम्ही दोघं भाऊ भंगारवाल्याकडून गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दरवाजे, काचा उचलून ठेवायला लागलो. म्हणजे आधी स्पेअरचा धंदा, गाड्या नंतर. 2014 मध्ये उत्तरपाड्याचा अ‍ॅम्बॅसिडरचा कारखाना बंद पडला आणि फोन वाढले. काल भंगारात घालणारेच आज "एखादी चांगली बघून ठेवा" म्हणायला लागले.

बेळगावात हा धंदा चालतो त्याचं निम्मं श्रेय इथल्या फौंड्रीला. सुटा भाग बाजारात मिळत नसेल तर लाकडी पॅटर्न म्हणजे साचा करायचा, बीड (ओतीव लोखंड) ओतायचं, मशीनिंग करून घ्यायचं. ब्रेक ड्रम, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, वॉटर पंपाची बॉडी ही कामं उद्यमबाग नाहीतर मच्छेत होऊन जातात. स्टिअरिंगचा कुठलाही भाग मात्र आम्ही ओतीव लावत नाही, गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी. बीड वाकत नाही, एकदम तुटतं.

गाडी कुठल्या गावची, यावरून पत्र्याचा अंदाज येतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी म्हणजे धो धो पाऊस. तिकडची गाडी वरून कितीही देखणी असो, मॅटखाली हात घातला की फ्लोअर बोटाला लागतो. चोर्ला घाटातून गोव्याच्या गाड्या येतात, त्यांचंही तेच. 1961 पर्यंत तिथं पोर्तुगीज राज्य होतं, त्यामुळं इकडं न दिसणाऱ्या परदेशी गाड्या तिकडं आल्या, पण खाऱ्या हवेनं खाल्ल्या. कोरड्या हवेच्या अथणीकडची गाडी उलट. पत्रा खणखणीत, पण रबर सगळं तडकलेलं, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. मला विचाराल तर अथणीची घ्या. रबर आणि वायर विकत मिळते, बॉडीचा सेल, म्हणजे पत्र्याचा सांगाडाच कुजला तर काय करणार?

निपाणी भागातली एक गाडी सांगण्यासारखी आहे. तंबाखूच्या वखारीत 1968 ची फियाट डिलाइट उभी होती. एमवायनं सुरू होणारा जुना म्हैसूर राज्याचा नंबर, चारी टायर बसलेले, टपावर बोटभर धूळ. मालक भला माणूस, हातात फडकं घेऊन म्हणाला, "थांबा की ओ, जरा पुसून तरी देतो." भाऊ ओरडलाच, "मामा, पुसू नका!" कोरडी धूळ फडक्यानं पुसली की रंगावर ओरखडे उठतात आणि खालचा मूळ ड्युको रंग एकदा गेला की गेला. गाडी तशीच टेम्पोवर घातली. इथं आणून आधी नुसतं पाणी सोडलं, मग साबणाचं पाणी, मग हातानं पॉलिश. फिकट हिरवा रंग वर आला. डाव्या मडगार्डला पोचा होता, तो काढला नाही.

असली गाडी आल्या आल्या स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू मागं-पुढं ढकलायची. जाम झालेल्या पिस्टनच्या रिंगा सुटतात. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो, म्हणून टाकी उतरवून धुवायची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि त्यानं जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. त्या आम्ही सरसकट बदलतो, मूळच्या असल्या तरी. एवढाच काय तो नवा माल.

रंग मूळचा आहे का, हे बघायला खिशात लोहचुंबक लागतो, कापडात गुंडाळलेला. पोचे भरायच्या पुट्टीवर तो धरत नाही. मग दरवाजाच्या कडा, बीडिंगखालचा पत्रा, बॉनेटची आतली बाजू बघायची. रबरावर रंगाचे शिंतोडे दिसले की गाडी एकदा तरी रंगलेली आहे. एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्यानं आमच्याकडून अशीच एक अस्पर्श अ‍ॅम्बॅसिडर मार्क टू नेली आणि दोन महिन्यांत तांबडा चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारून, मॅग व्हील घालून जाहिरातीला लावली. पैसे त्याचे, गाडी त्याची, बोलायचा हक्क नाही. पण तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकाला आधी विचारतो की करणार काय.

कायद्यानंही आता हीच बाजू धरली आहे. 2021 च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, पण ती मूळ रूपात पाहिजे. चासी, बॉडी सेल, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुन्हा करायची तर 5,000, नंबरात 'व्हीए' अक्षरं. रोजच्या वापराला मात्र ती काढता येत नाही. रोज भाजी आणायला फियाटच पाहिजे असेल तर व्हिंटेजच्या नादाला लागू नका, साधी नोंदणी चालू ठेवा.

गाडीपेक्षा कागद जड. कोल्हापूरची एमएच 09 इथं केए 22 करायची तर तिकडून फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, इकडं कर्नाटकचा कर. त्यात जुनी नोंद वहीत असते, ती संगणकावर चढल्याशिवाय काहीच हलत नाही. कागद तिकडं मराठीत, इकडं कन्नडात, आम्हाला दोन्ही येतं म्हणून निभावतं. सगळ्यात अवघड म्हणजे मालक वारलेला असतो आणि गाडी वाड्यात उभी असते. जमिनीची वाटणी झाली, घराची झाली, गाडी कुणाच्याच वाट्याला आली नाही, म्हणून तर ती टिकली! वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो आणि त्याआधी भावाभावांचं एकमत. ते करून आणायची जबाबदारी आम्ही घेत नाही.

सध्या शेडमध्ये दोन दारांची एक स्टँडर्ड हेरॉल्ड आहे. पुढचं अख्खं तोंड पुढं उलटून इंजिन उघडतं, ती. चासी शाबूत, पत्रा गेलेला, कागद स्वच्छ. प्रोजेक्ट म्हणूनच देणार. बघायला यायचं तर पाऊस उघडल्यावर या, खाली आडवं होऊन बघता येईल. आणि ती कुणाच्या नावावर करायची हे घरात ठरवून या.