जुलैतली सभा

2011 च्या डिसेंबरात मी ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा एक शेअर घेतला, 250 डॉलरला. लाभांश नाही, बाजारात विकायची सोय नाही. बायको म्हणाली, "म्हणजे वर्गणीच की!" आता तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावलाय.

जुलैत टीमच्या स्टेडियमवर, लॅम्बो फील्डवर सभासदांची सभा भरते. लाख-सव्वालाख वस्तीच्या गावाची व्यावसायिक टीम, आणि मालक आपल्यासारखेच लाखो. अध्यक्षांचा अहवाल, खजिनदाराचा हिशेब. थेट आपल्या मंडळाची सर्वसाधारण सभाच, फक्त चहा-बिस्किटांच्या जागी बिअर आणि डोक्यावर चीजच्या तुकड्यासारख्या पिवळ्या टोप्या. बसायला ॲल्युमिनियमची बाकं. पहिल्या वर्षी उन्हात अर्ध्या चड्डीत टेकलो आणि तसाच उठलो!

शेजारचे आजोबा पोट धरून हसले. पुढे दरवर्षी आम्ही शेजारीच बसायचो. हिशेब सुरू झाला की लोक खायला पांगत. आजोबा तेवढ्यात हळूच जेराल्ड क्लिफर्डचा विषय काढत. गावातला वकील. टीमसाठी सतत पैसे मागत फिरणाऱ्या पाच जणांना गाव 'हंग्री फाइव्ह' म्हणायचं, त्यातला एक. बाकीचे म्हणजे प्रशिक्षक लॅम्बो, वृत्तपत्राचा टर्नबुल, किराणा व्यापारी जोआनेस आणि डॉक्टर केली.

1931 साली एक प्रेक्षक स्टँडवरून पडला. त्याने टीमवर दावा लावला, तो जिंकलाही. विमा कंपनीचं आधीच दिवाळं वाजलेलं. भरपाई टीमच्या गळ्यात पडली आणि 1933 मध्ये टीम कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली. 1935 मध्ये शेअर विकून 15,000 डॉलर जमवले आणि नवी संस्था उभी राहिली. "मैदानावर धावणारे सगळ्यांना दिसतात. ही कोर्टकचेरी कोण बघतो?" आजोबा विचारायचे. आमच्या मंडळाच्या घटनेचे, धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचे कागद सांभाळणारे वकीलकाका मला तेव्हा हटकून आठवायचे. त्यांचाही फोटो कुठे नाही.

टीमच्या 1923 च्या मूळ घटनेतलं एक कलम तर आजोबांना तोंडपाठ होतं: टीम विकलीच, तर देणी फेडून उरलेले पैसे माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेला, सैनिकांच्या स्मारकासाठी. विकून कुणाचाच खिसा भरायचा नाही! ते सांगताना आजोबा गुडघ्यावर थाप मारत.

दुसऱ्या वर्षी ते दोन उशा घेऊन आले. एक माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बस. हिशेब सुरू होतोय."