चादरीत गुंडाळून आलेली जपानी तलवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं हीट ट्रीटमेंटचं छोटं शेड आहे. पॉवरलूमचे कॅम, गिअर, शाफ्ट, पंच-डाय असली जॉबवर्कची कामं. लोखंड तापवायचं, तेलात नाहीतर पाण्यात बुडवायचं, परत थोडं तापवून त्याचा ताण काढायचा आणि पार्टीला हार्डनेसचा आकडा लिहून द्यायचा, एवढाच धंदा. सोलापूरच्या उन्हात भट्टीपुढं उभं राहायला माणूस जरा येडाच लागतो, आणि मी या धंद्यात आलो तोसुद्धा एका येडापायीच, जपानी तलवारींच्या.

लहानपणी गड्ड्याच्या यात्रेतून पत्र्याची तलवार आणायची आणि संक्रांत उलटायच्या आत मोडायची, तिथवर सगळ्या पोरांसारखंच. पुढं कराटे क्लास लावला, तिथल्या सरांकडं एक लाकडी तलवार होती, बोक्केन म्हणतात तिला. ती त्यांनी हातात दिली आणि म्हणाले, खांद्यातला जोर काढ आधी, मग मार. तो जोर काढायला मला वर्षं गेली पण तलवार काय डोक्यातून गेली नाही. मग पुण्यामुंबईकडं कुठं सेमिनार असला की सुट्टी टाकून जायचं, इआइदो म्हणजे म्यानातून तलवार काढणं, वार करणं आणि परत म्यानात घालणं, एवढंच तासन्‌तास घोटायचं. तिथं सरावाला जी तलवार देतात ती झिंक-अॅल्युमिनियमची, धार नसलेली. म्हणजे येड खऱ्या पोलादाचं आणि हातात कायम खोटीच, खरी फक्त फोटोत.

आमचे दादा, म्हणजे वडील, यावर लय वैतागायचे. सोलापूर म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं गाव. जपानी फौजेशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली हा माणूस तिकडंच वारला, आणि त्याच गावातलं आपलं पोरगं जपान्यांच्या तलवारींचे फोटो वहीत चिकटवत बसतंय, हे त्यांना पटायचंच नाही. चुकत नव्हते ते. पण येड असं समजावून जातंय होय.

डिप्लोमाला मेटलर्जी घेतली तीपण यासाठीच. कारण या तलवारीचा सगळा खेळ उष्णतेचा आहे. लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, धारेकडं पातळ, पाठीकडं जाड. मग पातं लालभडक करून पाण्यात. पातळ लेपाखालची धार झटक्यात गार होते आणि तिथं मार्टेन्साइट तयार होतं, म्हणजे पोलादाचं एकदम कडक रूप. जाड लेपाखालची पाठ हळू गार होते, मऊ आणि चिवट राहते. मार्टेन्साइटला जागा जास्त लागते म्हणून धारेची बाजू फुगते आणि पातं पाठीकडं वाकतं, म्हणजे तो जो डौलदार बाक दिसतो तो बराचसा पाण्यात पडल्यावर येतो. कडक आणि मऊच्या सीमेवर जी पांढरट धुक्यासारखी रेघ उठते ती हामोन. आम्ही लूमच्या कॅमची नुसती कड इंडक्शनवर, म्हणजे विजेच्या कॉइलनं, तापवून कडक करतो आणि गाभा मऊ ठेवतो, हेतू तोच, फक्त आमच्याकडं कॉइल आहे आणि त्यांच्याकडं माती होती.

असो. दसऱ्याच्या आधीचा आठवडा आमच्याकडं मरणाचा असतो, खंडेनवमीला मशिनी बंद ठेवून पूजा करायची असते त्यामुळं सगळ्यांना माल अष्टमीपर्यंत पाहिजे. त्या अष्टमीला दुपारी दोघं जण आले, मोहोळकडचे, चुलतभाऊ असावेत, मोटारसायकलच्या मागं सोलापुरी चादरीत काहीतरी लांबडं बांधून आणलेलं. मला वाटलं ट्रॅक्टरचा रॉड असेल. चादर उलगडली आणि मी हातातला गेज खालीच ठेवला.

कातड्याचं आवरण असलेलं म्यान, जागोजागी तडकलेलं. मुठीवर आडवीतिडवी विणलेली पट्टी, तिच्या फटींतून पाकट माशाच्या कातडीचे पांढरे खडबडीत दाणे. मुठीपुढं हाताला आड असते त्या पितळी जाळीवर चेरीची फुलं. गुंतो, जपानी लष्करी अधिकाऱ्याची तलवार.

"बफिंगवाल्याकडं गेलतो," मोठा म्हणाला, "त्यानं तुमच्याकडं पाठवलं. त्या येड्याला दाखवा म्हणला आधी." (गावात आपली कीर्ती अशी आहे.) "उद्या खंडेनवमी हाय, तर चकाचक करून पाहिजे. बफ मारा, जमलं तर निकेल करा आणि धार बी लावून द्या. आणि काय ओ, यूट्यूबवर बघितलंय आम्ही, जपानी तलवार कोटीत जाते म्हणं. खरंय का?"

आधी मी त्यांना म्हणालो की बाबांनो, तलवार हे शस्त्र कायद्यातलं प्रकरण आहे, अशी गाडीला बांधून हिंडवू नका, परवान्याचं काय ते पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर विचारून घ्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तेवढ्यात धाकट्यानं मला दाखवायला म्हणून अख्खं म्यान मुठीत आवळलं आणि मूठ ओढायला लागला. मी ओरडलोच. जुन्या म्यानाचं लाकूड दोन फळ्या चिकटवून केलेलं असतं, सांधा उकललेला असला तर धार आतून सरळ बोटांवर येते. मी तलवार घेतली, धार वर केली, म्यानाचं तोंड धरून अंगठ्यानं जाळी पुढं रेटली. हलेना. पात्याच्या बुडाशी जो तांब्याचा पट्टा असतो, हाबाकी, तो गच्च बसलेला. परत रेटली. चर्रकन्‌ सुटली. मग पाठीवरनं घसरवत, धार लाकडाला लागू न देता, बाहेर काढली. हजारो वेळा केलेली हालचाल, पण हातात वजन खरं होतं आणि माझा खांदा पार दगड झालेला, सरांनी बघितलं असतं तर पाठीत घातली असती.

पात्यावर जुन्या तेलाचा तपकिरी चिकटा होता, मध्ये मध्ये गंजाचे ठिपके. टोकाकडं कुंकवाची बोटं उमटलेली आणि बरोबर त्याखालीच गंज जास्त. पण एका जागी वीतभर पट्ट्यात रेघ स्वच्छ दिसत होती, लाटेसारखी वरखाली जाणारी.

"इथं काय लावलं होतं?"

"आजी लिंबू फिरवती दसऱ्याला. मागल्या वर्षी चिंच बी लावली."

आता याला काय म्हणावं. लॅबमध्ये आम्ही स्पिरिटमध्ये नायट्रिक अॅसिड टाकून जॉबचा कापलेला तुकडा चाटवतो, म्हणजे कडक भाग आणि मऊ भाग वेगळा दिसतो. आजीनं लिंबानं तेच केलेलं. जपानी पॉलिशवाल्यानं एकामागून एक बारीक होत जाणारे दगड वापरून दिवसच्या दिवस घासून जी चमक काढली असेल ती तेवढ्या जागेपुरती गेलीच, पण हामोन मात्र आजीनं दाखवला.

मल्लेश, आमचा भट्टीवाला, कधी मागं येऊन उभा राहिला कळलं नाही. "मालक, रॉकवेलला लावून बघू का?" मला मोह झाला, खोटं कशाला बोला. पण रॉकवेल सी ही हार्डनेस मोजायची पद्धत म्हणजे हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या लोडनं धातूत दाबायचं, कॅमवर तो खड्डा चालतो, इथं नाही. "हात लावू नको," म्हणालो. "का बे, एवढं काय," असा चेहरा करून तो गेला.

मग मूठ काढायची ठरवली कारण खरी माहिती असते ती मुठीच्या आत. बांबूची एक खुंटी सगळं धरून ठेवते, मेकुगी. ती लाकडाच्या काडीनं हळूहळू ठोकून बाहेर काढली. मग पातं उभं धरून डाव्या मनगटावर उजव्या हाताची मूठ आपटत राहिलो, थोडी थोडी करत मूठ सैल झाली आणि आतली शेपटी बाहेर आली. तिच्यावर काळपट गंज होता. हा गंज कधीच काढायचा नसतो, वय त्यावरनंच ओळखतात. मी टॉर्च मारली. एका बाजूला छिन्नीनं कोरलेली लोहाराची सही. आणि सहीच्या वर एक चिमुकला शिक्का.

तो शिक्का मी फोटोंत इतक्यांदा बघितलाय की वाचायची गरजच पडली नाही. सेकीचा. सेकी म्हणजे गिफू प्रांतातलं गाव, आजसुद्धा सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेलं. १८७६ साली जपानात तलवार कमरेला लावून हिंडायला बंदी आली आणि लोहारांचा धंदा बसला. मग १९३४ ला लष्करानं अधिकाऱ्यांसाठी जुन्या घाटाची तलवार परत आणली, १९३८ ला तिची जरा साधी आवृत्ती काढली, आणि युद्धामुळं मागणी अशी वाढली की वाळूतलं लोखंड कोळशावर तीन दिवस तीन रात्री गाळून, त्या पोलादाच्या घड्या घालून एकेक तलवार घडवणं परवडणारच नव्हतं. मग कारखान्यातला पोलादाचा बार घ्यायचा, पॉवर हॅमरखाली लांबवायचा आणि पाण्याऐवजी तेलात बुडवायचा, कारण पाण्यात पातं तडकायची भीती जास्त. अशा तलवारींवर हे शिक्के मारलेले असतात. आज जपानातच यांना कलावस्तू म्हणून नोंदणी मिळत नाही.

अजून एक गोष्ट होती. गंजावर पांढऱ्या रंगानं ब्रशनं ओढलेला एक आकडा, अर्धा उडालेला. जाळीच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पातळ चकत्या असतात, त्या उलट्या करून बघितल्या तर तोच आकडा तिथं ठोकलेला. मी शेडमध्ये नजर फिरवली. समोर रॅकवर लूमचे कॅम, प्रत्येकावर मल्लेशनं पांढऱ्या पेंटनं टाकलेला जॉब नंबर. एका सेटचे पार्ट दुसऱ्या सेटमध्ये जाऊ नयेत म्हणून.

मला हसू आलं. आयुष्यभर ज्या तलवारीसाठी झुरलो ती शेवटी हातात आली तर जॉबवर्क निघाली! बार स्टॉक, ऑइल क्वेंच, पेंटचा नंबर. तेलाच्या धुरात डोळे चोळत, डिलिव्हरीच्या तगाद्यानं वैतागलेला माझ्यासारखाच कोणीतरी तिकडं उभा असणार. वाईट नाही वाटलं, उलट पहिल्यांदाच त्या तलवारीतला माणूस ओळखीचा वाटला. पण त्याच दमात दादाही आठवले. तो माल कुणासाठी चालला होता आणि तिकडं जाऊन त्याचं काय झालं, ते काय जॉब नंबरात लिहिलेलं नसतं.

त्या दोघांना सगळं सांगितलं. कोटी वगैरे विसरा, म्हणालो, हौशी लोक अशा तलवारी जमवतात पण ती गोष्ट वेगळी. थोरला गप्प झाला, आणि मग जे बोलला त्यावर माझ्याकडं उत्तरच नव्हतं. "महाग नाही म्हणताव, तर मग निकेल करायला काय अडचण हाय? कोटीची असती तर नसतं केलं."

बरोबरच की ओ. मी तसं गंजाचं, आकड्याचं, सहीचं काहीबाही सांगितलं पण पटेना त्याला. शेवटी त्यानं मोहोळला वडलांना फोन लावला, स्पीकरवर. आजोबा मराठा पलटणीत, ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते एवढं त्यातनं कळलं. १९४५ ला शरणागतीच्या वेळी माउंटबॅटनचा हुकूमच होता की जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी स्वतःच्या हातानं खाली ठेवायच्या, त्यातलीच एखादी फिरत फिरत यांच्याकडं आली असावी, कशी ते घरात कुणालाच माहीत नाही.

"पुजेसाठी चकाचक करालाव व्हय?" फोनमधनं आवाज आला. "आरं, आबा असतूपर ती पुजेत मांडलीच नाही कधी. विळा, कोयता, नांगर मांडायचे. ही माळ्यावर. दुसऱ्याचं हाय म्हणायचे, आपल्याकडं नुसतं ठिवायला हाय. आबा गेल्यावर म्हातारीनं सुरू केलंय ते."

थोरल्यानं फोन ठेवला आणि बराच वेळ त्या पेंटच्या आकड्याकडं बघत बसला. मग मलाच विचारतो, "मग उद्या मांडायची का नाही?"

"ते तुम्ही घरात ठरवा. मांडलीच तर म्यानात ठेवून मांडा, हळदकुंकू म्यानाला. लिंबू-चिंच अजिबात नको."

चिकटा मऊ सुती फडक्यानं जेवढा निघाला तेवढा काढला, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात दिला, मूठ चढवली, खुंटी बसवली आणि ती नीट बसलीय का ते परत परत बघितलं, कारण ती सुटली तर पातं मुठीतनं निघून समोरच्याच्या अंगावर जातं. पैसे विचारले त्यांनी. तेलाचे काय घ्यायचे. जाताना धाकटा मात्र जरा नाराजच दिसला, यूट्यूबवाल्यानं त्याला फारच वर चढवून ठेवलं होतं.

मल्लेशच्या डोक्यात मात्र मातीचा लेप बसला. दसऱ्यानंतर एका संध्याकाळी त्यानं भंगारातली जुनी कानस घासून गुळगुळीत केली, फायर क्ले फासली, भट्टीच्या तोंडाशी वाळवली आणि चुंबक चिकटायचं बंद होईपर्यंत तापवून बादलीत घातली. टण्‌ करून तडकली. "तेलात घालायला पाहिजे होती बे," त्याचा तोच म्हणाला, आणि दुसरी कानस शोधायला भंगारात घुसला.