तुम्ही विचारलंत म्हणून: बायोलॉजीच्या मुलांना कलन (कॅल्क्युलस) कशाला?

हो, मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेकच्या मुलांना मी कलन शिकवते. तेही एका चलाचं नाही, दोन-तीन चलांचं. पार्शल डेरिव्हेटिव्ह (बाकीची चलं जागच्या जागी ठेवून एकच हलवलं तर किती फरक पडतो ते), ग्रेडियंट, सगळं. "ज्यांनी गणित नको म्हणूनच बी ग्रुप, म्हणजे बायोलॉजी, घेतला, त्यांच्या मागे परत हे कशाला?" असं तुम्ही स्टाफरूममध्ये विचारता, विश्रामबागेत भाजी घेताना विचारता, भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला बसल्यावरही विचारता. आजवर मी हसून "सिलॅबसमध्येच आहे हो" म्हणत आले. ते खरं आहे, पण ते काही उत्तर नव्हे.

तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. नीटला गणित नाही. दहावीनंतर गणिताची वही मिटलेल्या मुलांपुढे एकदम दोन चलांचं फलन (फंक्शन) मांडलं की त्यांच्या तोंडावर काय येतं ते मी दर जुलैत बघते. पण "एका चलापुरतं शिकवा आणि सोडा" हा जो सल्ला मिळतो ना, त्यावर माझं डोकं फिरतं. जिवंत गोष्टीत एकच चल कधी असतं?

एन्झाइमचंच घ्या. मिकेलिस आणि मेंटेन यांचं १९१३ सालचं समीकरण मुलांना तोंडपाठ असतं. सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, वाढवला की वेग वाढतो, मग हळूहळू सपाट होतो. इथपर्यंत ठीक. मग स्पर्धक इन्हिबिटर (एन्झाइमवरची सबस्ट्रेटची जागा अडवणारा पदार्थ) येतो आणि पुस्तक सांगतं, सबस्ट्रेट भरपूर घातला की त्याचं काही चालत नाही. मी विचारते, आणि सबस्ट्रेट अगदीच कमी असेल तेव्हा? सगळा वर्ग एका सुरात: "तेव्हा सगळ्यात जास्त फटका!" टक्क्यांत बघाल तर बरोबर आहे. पण प्रत्यक्ष वेग किती उतरला? इन्हिबिटरच्या दिशेने पार्शल काढलं की दिसतं: सबस्ट्रेट शून्याकडे नेला तरी घट शून्याकडे जाते, आणि भरमसाट वाढवला तरी शून्याकडेच. सगळ्यात मोठी घट मधे असते, वेग कमाल वेगाच्या बरोबर निम्मा असतो तिथे. हे कुणीच पाठ केलेलं नसतं. कागदावर चार ओळींत निघतं, आणि निघाल्यावर मागच्या बाकावरचा एखादा "आयला" म्हणतो. मी ऐकलं नाही असं दाखवते.

मला शिकवायचंय ते एवढंच. "याचा परिणाम किती?" हा प्रश्न अर्धा आहे. बाकीची चलं कुठे उभी आहेत ते सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता जे साखरपुड्यात सांगता येत नाही ते सांगते.

तासगावकडची एक मुलगी होती. मायक्रोस्कोपवर हात इतका स्थिर की प्रॅक्टिकलला बाकीच्या मुली तिच्याकडून स्लाइड लावून घ्यायच्या. माझ्या अंतर्गत परीक्षेत नापास झाली आणि तासाला यायची बंद झाली. नोव्हेंबरात एका ढगाळ सकाळी तिचे वडील आले. बाग फुलोऱ्यात, रात्री थेंब पडलेले, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. माणूस घाईत होता तरी बसला.

"मॅडम, पोरगी गणिताला भिऊनच बायोलॉजीकडं गेली. तुम्ही तिथंबी आडवं आलासा."

आणि मला वाटलं, सापडले. द्राक्षबागायतदाराला हे पटवून देणं म्हणजे काय अवघड!

दावण्या आणि भुरी हे द्राक्षवेलीचे रोग. म्हटलं, "दादा, दावण्या कधी येतो?"

"पान ओलं ऱ्हायलं की."

"आणि गारठा असला तर?"

"मग जादा येळ ओलं ऱ्हावं लागतंय."

"भुरी?"

"तिला पानावर पाणी लागतच न्हाई. नुसती अशी हवा असली तरी बास."

मी खडू उचललाच. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर पान ओलं राहिल्याचे तास, आणि मधे सारख्या धोक्याच्या वाकड्या रेषा. बघा दादा, पान कोरडं असेल तर तापमान दोन अंश वर गेलं काय नि खाली आलं काय, दावण्याला फरक नाही. तेच पान रात्रभर ओलं असेल तर तेच दोन अंश बाग घेऊन जातील. तापमानाचा परिणाम ओलाव्यावर ठरतो. तुमच्या मुलीला मी हेच शिकवते. हे तुम्हाला आधीच येतं!

ते फळ्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मला येतंय म्हणताय न्हवं?"

"अगदी!"

"न शिकता येतंय. मग तिला कशाला शिकवताय?"

मी जे बोलले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. "तुम्हाला अंदाज येतो. तिला आकडा काढता येईल."

ते हसले. कुचेष्टेने नाही, अगदी मोकळेपणाने. "आकड्यावर फवारणी केली असती तर बाग कवाच गेली असती, मॅडम." पिशवी उचलली, नमस्कार केला आणि गेले. मुलगी दाराबाहेरच उभी होती, तिने सगळं ऐकलं असणार. पुढच्या सत्रात तिने दुसरा ऐच्छिक विषय घेतला. मी तिला कारण विचारलं नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही.

त्यांना काय सांगायला हवं होतं ते मला अर्थातच रात्री सुचलं. तुमचा अंदाज तुमच्या रानाचा, तुमच्या वाणाचा. तुमच्या मुलीपुढे उद्या असा जीव येईल ज्याला तुमच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नाही. तिथे कुठला अंदाज? उत्तर चांगलं आहे. पण त्यांच्या हसण्यालाही आधार होता, हे मला सोडवत नाही. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथीचं गणित मांडलं, बाधित किती आणि अजून न लागलेले किती यांच्या गुणाकारावर साथ चालते असं. ते त्यांनी मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिलं. वक्र सुरेख बसला. पण प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा, आणि त्या गणितात उंदराला जागा नाही. वर्गात हे उदाहरण मी हौसेने सांगते, आणि सांगताना दरवेळी ते हसणं ऐकू येतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी वेगळीच होते. तेव्हा दोन चलांच्या सीमेवर (लिमिटवर) दिवसच्या दिवस घालवायचे: एका रेषेवरून शून्यापाशी गेलात तर एक उत्तर, दुसरीवरून गेलात तर दुसरं, म्हणून सीमा अस्तित्वात नाही. मुलं पेंगायची. मी ते काढून टाकलं आणि एन्झाइम आणलं. ती तरुण मी आज समोर आली तर म्हणेल, तू पाककृती शिकवतेस, कुठे काय टाकायचं एवढंच. फलन कुठे फाटतं ते कोण सांगणार? मी म्हणेन, बाई, तुझे विद्यार्थी झोपले होते. ती म्हणेल, दोन तरी जागे होते. ते खरंच जागे होते, त्यातला एक अजून फोन करतो. या भांडणात कोण जिंकतंय ते दर वर्षीच्या बॅचवर ठरतं.

आणि तो शेवटचा प्रश्न, "कॉम्प्युटर करतो की सगळं!" करतो. गेल्या वर्षी एका प्रोजेक्टच्या तोंडीला मला बसवलं होतं. मुलाने सॉफ्टवेअरमधून के-एम (वेग निम्मा होतो तेवढा सबस्ट्रेट) आणि व्ही-मॅक्स (कमाल वेग) काढलेले, दोन्ही तीन दशांश स्थळांपर्यंत. पण त्याने घेतलेले सबस्ट्रेटचे सगळे बिंदू के-एमच्या कितीतरी खाली होते. तिथे आलेख जवळपास सरळ रेषा असतो आणि तिचा चढ फक्त दोघांचं गुणोत्तर सांगतो. दोन्ही आकडे दुप्पट केले तरी रेषा जवळजवळ तीच राहते. हे दोन आकडे बदलत गेलं की आलेख बिंदूंपासून किती चुकतो त्याचा पृष्ठभाग काढला असता तर लांबच लांब सपाट दरी दिसली असती, आणि सॉफ्टवेअर त्या दरीत कुठेतरी थांबलं होतं. मी त्याला म्हटलं, दोन्ही दुप्पट करून बघ. त्याने तिथेच लॅपटॉपवर केलं. रेषा जागची हलली नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, आणि शेजारचे परीक्षक म्हणाले, "मॅडम, अजून अकरा मुलं आहेत, पुढे जाऊया."