साडेबारा वाजताचा भाव

तेलाच्या रॅकवरची भावाची पाटी आपल्या डोळ्यांसमोर बदलली, असं सांगणारी एक भजीवाली काकू ही आमची पहिली गिऱ्हाईक. पाट्या त्याआधीही बदलत होत्या. कोणी बघत नव्हतं, एवढंच.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी किराणा मॉलमध्ये इन्चार्ज आहे. मॉल म्हणजे खाली धान्य-किराणा आणि वर बादल्या, चपला, रेडिमेड कपडे. मोजक्या दुकानांची छोटी साखळी आहे, भाव हेड ऑफिसात ठरतात. मालकांचा मुलगा कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आला आणि आमच्याकडे तेल, डाळी आणि दूध-दह्याच्या रॅकवर कागदी पट्ट्यांऐवजी डिजिटल पाट्या लागल्या. तालुक्याच्या गावात असं पहिल्यांदाच, म्हणून फोटोही काढले. लाइट दिवसातून किती वेळा जाते, हे त्या फोटोत येत नाही.

पाटी तशी गुणाची वस्तू आहे, हे मी कबूल करतो. तळहाताएवढी, आत बटणासारखा सेल. वीज लागते ती अंक बदलायला, दाखवत राहायला नाही. एकदा अंक उमटला की सेल काढून घेतला तरी तो तसाच राहतो. छताला एक डबी असते, ती सर्व्हरकडून भाव घेते आणि पाट्यांना पाठवते. नवा भाव आला की पाटी क्षणभर काळी होते, मग पांढरी, आणि मग नवा अंक. फ्रिजमधल्या पाट्या थंडीने थोड्या संथ असतात. कोणती पाटी कोणत्या मालाची, हे हातातल्या मशीनने दोन्ही बारकोड वाचून जुळवून द्यावं लागतं. हे काम पोरांनी दोन रात्री बसून केलं आणि एकही चुकवली नाही. याचं श्रेय वर कोणी घेतलं ते लिहीत नाही.

आधी काय व्हायचं? शटर उघडायच्या आत बदललेल्या भावांच्या पट्ट्या छापायच्या, कात्रीने कापायच्या, रॅकच्या पारदर्शक खाचेत सरकवायच्या. कंटाळवाणं काम. त्यामुळे अकरा वाजता वरून नवा भाव आला तरी स्टुलावर चढायला कोणी तयार नसायचं. “उद्या सकाळी करू” म्हणायचे, आणि मीही हो म्हणायचो. आमच्या आळसाच्या जोरावर गिऱ्हाइकाला सकाळचा भाव रात्रीपर्यंत मिळायचा. पाट्या आल्या आणि तो आळस संपला. ऑफिसातल्या पोराने एक आकडा टाकून एंटर दाबलं की इथे मिनिटभरात भाव बदलतो. मला कळायच्या आत.

बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते, ती सांगतो. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यावर एक रुपया घेतला तर वजनमापं तपासणारे सरकारी वैधमापनवाले येतात. हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तेलाच्या पाकिटावरची एमआरपी आणि दुकानातला भाव यांत मोठी पोकळी असते. आमच्या सोयाबीन तेलाच्या पाऊचवर १५५ छापलेलं होतं आणि विकत होतो ११२ ला. या ४३ रुपयांच्या पोकळीत भाव दिवसातून कितीदाही वर-खाली करा, एमआरपीचा नियम आड येत नाही. वर पुन्हा एकाच बारकोडवर दोन लॉट असतात, जुना १५० चा, नवा १५५ चा. काउंटरवर बारकोड वाचला की स्क्रीनवर चौकट उघडते, कोणती एमआरपी? पाकीट उलटं करून बघावं लागतं. आमच्या काउंटरवरच्या मुली न बघता वरचीच निवडतात, हे त्यांना सांगून माझं तोंड दुखलं. पाटीला तर दोन लॉट दाखवताच येत नाहीत. तिच्यावर एकच भाव.

आता तो दिवस. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने खाद्यतेलाच्या आयातीवरची ड्युटी वाढवली. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर शून्याची २० टक्के, रिफाइंडवर साडेबाराची साडेबत्तीस. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजार समितीत त्याच्या खालीच बोली लागत होती, म्हणून शेतकऱ्यांसाठी हा निर्णय. १७ तारखेला अनंत चतुर्दशी होती. आदल्या दिवशी आमच्याकडे बाजार, आणि गावातल्या मंडळांचे महाप्रसाद. तेलाला इतकी गर्दी वर्षातून दोन-तीनदाच होते.

सकाळी पाटीवर ११२. अकराच्या सुमारास ११८ झाले, तेव्हा मी गोडाऊनमध्ये होतो. साडेबाराला १२४.

ती भजीवाली काकू बाजारात गाडी लावायची आणि आमच्याकडून दर बाजारी तेलाची पेटी न्यायची. एका पेटीत बारा पाऊच. तेलाचं तिला आमच्या ऑफिसपेक्षा जास्त कळतं. पाऊच उलटून ग्रॅम वाचते, लिटरचा पाऊच ९१० च्या खालचा असेल तर हात लावत नाही. ती लवकर आली होती, ११२ पाहून पेटी ट्रॉलीत ठेवली. मग बेसन, ओवा, मिरच्या. पाऊस आला म्हणून थांबली, दोन बायांशी बोलली. जाताना घरासाठी एक वेगळा पाऊच घ्यावा म्हणून रॅककडे हात नेला, तर पाटी काळी झाली, पांढरी झाली आणि १२४ आलं. त्याच सुमारास लाइट गेली.

काउंटर इन्व्हर्टरवर असतात. छतावरची डबी नव्हती. बसवणाऱ्याने वायर वाचवली होती, आणि मी लेखी कळवूनही ते तसंच राहिलं होतं. त्यामुळे रॅकवरच्या पाट्यांना १२४ पोचला आणि दाराजवळ रचलेल्या पेट्यांवरची पाटी ११८ वरच गोठली. काउंटरच्या स्क्रीनवर १२४. म्हणजे काकूच्या ट्रॉलीतला माल ११२ चा, दारातला ११८ चा आणि बिलात १२४ चा. तेल एकच, लॉट एकच, आठवडाभर आधी आलेला.

“कोनं वाढवला भाव?” तिने विचारलं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सिस्टीमने.”

“सिस्टीम कुठं बसते? बलाव तिले.”

मागे हशा झाला. काकू हसली नाही. मला पाहिल्यावर म्हणाली, “भाऊ, माह्या डोयासमोर बदलली पाटी. मी हात लावला अन् बदलली. मले पाहून वाढवते का हे मशीन?”

तिला मी समजावलं की पाटीला डोळे नाहीत, हा सगळ्यांसाठी एकच भाव आहे. ते खरंच आहे. पण नंतर एका रात्री मोबाइलवर वाचत बसलो, तर कळलं की त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि बॉब केसी या दोन सिनेटरांनी क्रोगर नावाच्या मोठ्या साखळीला पत्र लिहून जवळपास हेच विचारलं होतं. पाट्यांच्या आडून गरजेच्या वेळी भाव चढवाल का, कॅमेऱ्याने गिऱ्हाईक ओळखून वेगळा भाव लावाल का? कंपनी नाही म्हणाली. वॉलमार्टनेही त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर केलं होतं की २०२६ पर्यंत २,३०० दुकानांत अशा पाट्या लावू, आणि वेळ पाहून भाव चढवणार नाही असं त्यांचंही म्हणणं. आमच्या काकूने ते पत्र वाचलेलं नव्हतं. तिने नुसतं पाटीकडे पाहिलं होतं.

रांगेतल्या एका काकांनी मध्येच तोंड घातलं. “आमचं सोयाबीन हाय शेतात. त्याचा भाव नाई वाढला, तेलाचा वाढला. बाजार समितीत बी असंच करते लेकाचे. बोली एक अन् काट्यावर ओलावा सांगून दुसरा भाव.”

यावर मी काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडचा शेतकरी भाव बदलतो म्हणून कधी चिडत नाही. लिलावात एका ढिगाचा भाव दुसऱ्या ढिगाला मिळत नाही, हे तो लहानपणापासून बघतो. पण तिथे बोली त्याच्या कानावर पडते, बोलणाऱ्याचं तोंड दिसतं. तो चिडतो सौदा झाल्यावर काटछाट झाली की. काकूचा प्रश्न तोच होता. तिच्या हिशेबाने पेटी ट्रॉलीत ठेवली तेव्हा सौदा झाला. आमच्या हिशेबाने बिल निघालं तेव्हा होतो. मधला वेळ कोणाचा, हे कुठेच लिहिलेलं नाही.

“मी भजे कढईत सोडल्यावर भाव नाई वाढवत,” काकू म्हणाली. “गिऱ्हाइकाले आधी सांगतो, मंग सोडतो.”

हेड ऑफिसला फोन लावला. तिकडचा मुलगा हुशार आहे, इंग्रजी चांगलं आहे, दुकानात मात्र एक दिवसही उभा राहिलेला नाही. म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये जो रेट तोच. पाटी आणि बिल मॅच होतंय ना?” मी म्हटलं, रॅकची होते, दाराची होत नाही, आणि गिऱ्हाइकाची तर दोन्हीशी होत नाही. त्याने सिस्टीमवर तक्रारीचं तिकीट टाकायला सांगितलं.

माझ्या पासवर्डने एका बिलावर पन्नास रुपयांपर्यंत सूट देता येते. बारा पाऊचवर फरक होता १४४ चा. म्हणून चार-चार पाऊचची तीन बिलं केली, प्रत्येकावर ४८ ची सूट. बेसन-ओव्याचं चौथं. कॅशियरच्या चेहऱ्यावर मी चोरी करतोय असा भाव होता. घरच्यासाठीचा पाऊच काकूने परत रॅकवर ठेवला.

मग व्हायचं तेच झालं. मागच्यांनीही ११२ मागितला. मंडळाच्या पोरांनी सकाळी पाटीचा फोटो काढून खजिनदाराला पाठवला होता, त्यावर वेळ होती, त्यांना दिला. सोयाबीनवाल्या काकांना त्यांच्या शब्दावर दिला. एक गुरुजी लाइट गेल्यानंतर आत आलेले मी स्वतः पाहिले होते, तेही “मी सकाळपासून आहे” म्हणाले. शाळेत मुलांना काय शिकवत असतील देव जाणे. त्यांनाही दिला, कारण ते खोटं बोलतायत हे मी कशाच्या आधारावर सांगणार? पाटी कधी बदलली याची सेकंदापर्यंतची नोंद सर्व्हरवर आहे. माल ट्रॉलीत कधी पडला याची नोंद कोणाकडेच नाही.

शेवटी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करने “सोयाबीन तेल ११२, आज रात्री दुकान बंद होईपर्यंत” लिहिलं आणि पाटीवर चिकटटेपने लावलं. सूट देण्याचा एकच पासवर्ड, म्हणून रात्रीपर्यंत काउंटरच्या मागेच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी खुलासा मागवणारा मेल आला. त्याच दिवशी, १७ तारखेला, केंद्राच्या अन्न खात्याने तेल कंपन्यांच्या संघटनांना बोलावून सांगितलं की जुन्या ड्युटीने आलेला साठा संपेपर्यंत एमआरपी वाढवू नका. ही बातमी मी खुलाशाला जोडली. उत्तर आलं की आपण एमआरपी वाढवलेलीच नाही. अगदी बरोबर उत्तर आहे. आमचा प्रत्येक पाऊच १५५ च्या आत होता आणि तेल जुनंच होतं.

पाट्या काढून टाका असं मी म्हणत नाही. रात्री साडेआठला ब्रेड, पनीर, दही यांचे भाव खाली येतात. पूर्वी हा माल फेकावा लागायचा, आता लोक त्या वेळेची वाट बघत घुटमळतात. भाव उतरताना पाटी काळी-पांढरी झाली म्हणून आजवर कोणी सिस्टीमला बोलवायला सांगितलेलं नाही. मी ऑफिसला एवढंच लिहिलं की वाढवायचा असेल तर शटर उघडायच्या आत वाढवा, उतरवायचा असेल तर कधीही उतरवा, आणि ती डबी इन्व्हर्टरवर घ्या. डबी घेतली. बाकीच्यावर “नोंद घेतली” असं उत्तर आहे. दिवाळीच्या आधी डाळींचा भाव भर दुपारी पुन्हा दोनदा वाढला.

काकू पुढच्या बाजारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी गाडीवर भजी खायला गेलो तेव्हा कळलं, तेल आता समोरच्या जुन्या किराणा दुकानातून घेते. मी त्या दुकानदाराचा भाव विचारला. त्या दिवशी दुपारी त्याच्याकडे १२६ होता, आमच्या १२४ पेक्षा दोन रुपये जास्त, आणि अजूनही तो आमच्यापेक्षा रुपया-दोन रुपये वरच असतो. हिशेब करून सांगितला तर म्हणाली, “ठाव हाय मले. पन आदल्या रातीले फोन करून सांगते तो, उद्या वाढते म्हून. घ्यायचं का नाई ते मंग मी पाह्यतो.”

मग विचारलं, मिरची तळून देऊ का.