अकरा मिलीचा हिशेब

मे २०२५ चा दुसरा आठवडा. बाहेर ४१ अंश तापमान, आणि पोरीच्या काखेतला थर्मामीटर ३४.६ च्या वर जाईना.

नर्मदाकाठच्या एका पाड्यावरून आजीने तिला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणलं होतं. पुढे जीप. जीपवाला शहाद्याकडचा. दारातूनच ओरडला, "ताई, पोर थंडगार पडी गई!" तीव्र कुपोषित मुलांना दाखल करून घेणाऱ्या आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रात अशी मुलं होळीनंतर जास्त येतात, कारण ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तेव्हा गुजरातमधून परतू लागतात. वय १४ महिने, वजन ५.१ किलो, लांबी ६८ सेंटिमीटर, दंडाचा घेर १०.४. साडेअकराच्या खाली दंड मोजायची पट्टी लाल होते, म्हणजे तीव्र कुपोषण. लांबीच्या मानाने वजन तक्त्यावरच्या उणे तीनच्या रेषेच्याही बरंच खाली होतं.

पण मला आधी दिसली ती डाव्या हातावरची चिकटपट्टी आणि तिच्याखालचा कापूस. वाटेत कोणीतरी बाटली चढवली होती. आजीला पावरी बोलीत विचारून आमच्या आशाताईंनी सांगितलं ते असं: रस्त्यालगतच्या एका दवाखान्यात सलाईन लावलं, अर्धी बाटली संपल्यावर पोर धापू लागली, मग पैसे घेऊन वाटेला लावलं. अर्धी बाटली म्हणजे साधारण २५० मिली. पाच किलोच्या लेकरात, एका बैठकीत.

यातली चूक करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. कुपोषित मुलाचे डोळे खोल गेलेले असतात, चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाते. पाणी कमी झाल्याचीही हीच लक्षणं. पण इथे कातडीखालची चरबीच संपलेली असते, म्हणून ती तशी दिसते. शरीरात मीठ आधीच जास्त साठलेलं, पोटॅशियम कमी, हृदयाचा स्नायू झिजून पातळ झालेला. त्यात मिठाचं पाणी थेट शिरेतून ओतलं की ते फुप्फुसात उतरतं. म्हणून नियम असा आहे: तीव्र कुपोषित मुलाला शॉक (रक्ताभिसरण कोसळणं) असल्याशिवाय शिरेतून सलाईन नाही. जुलाब असतील तर जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी तोंडाने किंवा नळीने, किलोमागे ५ मिली, दर अर्ध्या तासाने, आणि प्रत्येक वेळी नाडी व श्वास मोजून. नाडी २५ ने आणि श्वास ५ ने वाढला की थांबायचं. हा नियम पाठ करायला दोन मिनिटं लागतात. बाटली लावण्याचे पैसे मिळतात, न लावण्याचे मिळत नाहीत. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

श्वास मिनिटाला ६२, नाडी १७२, पापण्या सुजलेल्या, यकृत सुजून बरगडीखाली तीन बोटं उतरलेलं. डॉक्टरसाहेबांनी फुप्फुस ऐकलं आणि साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड सांगितलं, किलोमागे १ मिलिग्रॅम, एकदाच. (हे इंजेक्शन फक्त अशा वेळी. कुपोषणाने पायाला आलेल्या सुजेवर ते कधीच द्यायचं नाही, कारण उरलंसुरलं पोटॅशियमही लघवीतून जातं. ही चूक मोठ्या दवाखान्यांतही होते.)

त्याच वेळी बोट टोचून रक्तातली साखर पाहिली. ४१. चोपन्नच्या खाली धोका. पोर गुंगीत होती, म्हणून शिरेतून दहा टक्के ग्लुकोज, किलोमागे ५ मिली, म्हणजे २५ मिली. दहा टक्क्यांची बाटली नव्हती. पंचवीस टक्क्यांच्या अँप्युलमधलं १० मिली घेतलं, त्यात १५ मिली इंजेक्शनचं पाणी मिसळलं. अशा वेळी हा गुणाकार तोंडपाठ असावा लागतो. घाईत पंचवीस टक्क्यांचं तसंच दिलं तर नाजूक शीर जळते, आणि साखर झपकन वर जाऊन पुन्हा कोसळते.

अर्ध्या तासाने साखर परत पाहायची होती. डबीत पट्ट्या उरल्या होत्या चार. मागणीपत्र महिन्याभरापूर्वी गेलेलं, त्यानंतर दोनदा स्मरणपत्र. प्रसूती कक्षातून अर्धी डबी उसनी आणली, त्यांच्या वहीत नोंद करून. दुसऱ्या वेळी साखर ७८ आली.

गारव्यावर उपाय साधा आहे, पण तो करायला माणूस लागतं. वॉर्डातला कूलर बंद केला. इतर आया उकाड्याने कासावीस झाल्या, पण एकीनेही तक्रार केली नाही. पोरीला टोपी घातली, कपडे काढून आजीच्या उघड्या छातीशी धरलं, वरून घोंगडी. गरम पाण्याची पिशवी आम्ही वापरत नाही, पातळ कातडी भाजते. एवढ्या उन्हात लेकरू गार कसं पडतं, हे जीपवाल्याने दोनदा विचारलं. जाळायला आत काहीच उरलेलं नसतं, म्हणून.

दुपारी दीडला श्वास ४६ वर आला. तोवर नाकातल्या नळीतून थोडं थोडं साखरपाणी चालू होतं. दोन वाजता पहिलं दूध.

या दुधाला एफ-७५ म्हणतात, कारण १०० मिलीत ७५ कॅलरी. तयार पाकिटं संपली की आम्ही ते हाताने करतो: १०० मिलीसाठी गाईचं दूध ३० मिली, साखर ९ ग्रॅम, तेल २ ग्रॅम, आणि उकळून निवलेलं पाणी घालून एकूण १०० मिली. एकूण. नवीन मदतनीस हमखास इथे चुकते. ती मोजून १०० मिली पाणी घालते, मग दूध पातळ होतं आणि कागदावर कॅलरी पूर्ण असूनही मूल उपाशी राहतं. दुसरी चूक तेलाची. ते वर तरंगतं. रवीने घुसळलं नाही तर पातेल्याच्या वरच्या थरातून ज्याला दिलं त्याला तेलच तेल, खालच्याला नुसतं गोड पाणी, आणि एकाला जुलाब लागल्यावर आपण जंत शोधत बसतो. मीठ अजिबात नाही. लोह पहिल्या टप्प्यात नाही, मूल खाऊ लागून वजन वाढू लागल्यावरच. जंतुसंसर्ग आहे असं धरून अँटिबायोटिक पहिल्याच दिवशी, ताप नसला तरी, कारण एवढ्या अशक्त शरीराला ताप आणायचीही ताकद नसते.

पूर्ण मात्रा किलोमागे ११ मिली, दर दोन तासांनी. ५.१ किलोला ५५ मिली, दिवसातून बारा वेळा, म्हणजे ६६० मिली. फुप्फुसात पाणी झालेलं असल्याने डॉक्टरसाहेबांनी निम्म्यावर सुरुवात केली. आजीला हे पटेना. तिच्या दृष्टीने पोर उपाशी होती आणि आम्ही वाटीभर दूध असताना बोटभर देत होतो. आशाताईंनी तिला चुलीचं सांगितलं: विझत आलेल्या निखाऱ्यावर मोठं लाकूड टाकलं तर निखारा विझतो, आधी काटक्या. आजी मान हलवून गप्प झाली, पण तिची नजर त्या सिरिंजवरून हटली नाही.

उपाशी माणसाला एकदम खाऊ घातलं तर तो मरतो, हे जगाला कळलं ते फार मोठी किंमत देऊन. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात ही किंमत लिहिलेली नाही, पण नव्याने येणाऱ्या मुलींना मी ती सांगते. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याने बर्गन-बेल्सनची छळछावणी सोडवली. सैनिकांनी कळवळून आपला डबाबंद शिधा वाटला, आणि त्या जड अन्नानेच कित्येक जण दगावले. उपासमार आणि टायफसने सुटकेनंतरही तेरा-चौदा हजार माणसं गेली. तिथे मग एक पातळ पेय देऊन पाहिलं गेलं. त्याचं नाव बंगाल दुष्काळ मिश्रण, कारण ते १९४३ साली बंगालमध्ये उपाशी माणसांसाठी वापरलं गेलं होतं. त्याच काळात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ जणांवर उपासाचा अभ्यास केला. हे तरुण युद्धात हत्यार उचलायला नकार दिलेले होते. युद्ध संपल्यावर उपाशी युरोपला कसं जेवू घालायचं, हे कळावं म्हणून ते स्वतःहून उपाशी राहिले.

बंगालचा तो दुष्काळ नुसता पावसाने आणला नव्हता. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर सरकारने किनाऱ्यालगतच्या होड्या आणि तांदूळ काढून घेतले, शत्रूला मिळू नये म्हणून. कलकत्त्यात युद्धाच्या कामावरच्या कामगारांना आधी धान्य, खेड्यांना मागून. चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृत्यू १५ लाख धरले, पुढच्या अनेक अभ्यासकांनी तीस लाखांच्या आसपास. त्याच आयोगाने तांदळाच्या व्यवहारातला जादा नफा १५० कोटी रुपये सांगितला. म्हणजे प्रत्येक मेलेल्या माणसामागे हजार रुपये नफा, हा भागाकारही अहवालातच आहे.

दंडाची पट्टीसुद्धा अशीच आली. नायजेरियातल्या १९६७ ते १९७० च्या बियाफ्राच्या युद्धात हजारो मुलांमधून कोणाला आधी जेवण द्यायचं हे ठरवायला मदतकर्त्यांनी दंडाचा घेर आणि उंची जोडणारी मापकाठी वापरली. जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्याची मोठी परीक्षा झाली ती १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत. सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हे पाणी वाटलं, नातेवाइकांच्या हातांनी पाजलं, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेले कॉलऱ्याचे मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. ज्या खाटेवर ही पोर होती, त्या खाटेभोवतीचं बरंचसं ज्ञान युद्धातून आलेलं आहे. आणि आमच्या तालुक्यात युद्ध झालेलं नाही. इथे धरणाचं पाणी चढलं, जमिनी गेल्या, कामासाठी माणसं बाहेर पडली.

त्या दिवशी वॉर्डात प्रत्येक मोबाइलवर सीमेवरच्या हल्ल्यांच्या बातम्या चालू होत्या. पहलगाममध्ये २६ निरपराध माणसं मारली गेली होती, राग सगळ्यांना होता, आम्हालाही. खान्देशातली कितीतरी मुलं सैन्यात आहेत. देशाच्या रक्षणावर खर्च करू नका असं मी म्हणणार नाही. पण आकडे शेजारी ठेवायला हवेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० ला २१,९६० कोटी. अंगणवाडीतल्या बालकाच्या पूरक आहाराचा दर दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषिताला १२ रुपये. हा दर २०१७ मध्ये ठरला आणि त्या मे महिन्यातही तोच होता. आता एफ-१०० चा हिशेब पाहा, म्हणजे वजन वाढवणाऱ्या टप्प्याच्या दुधाचा. १०० मिलीत दूध ९५ मिली, साखर ५ ग्रॅम, तेल २ ग्रॅम. या पोरीला दिवसाला निदान ७५० मिली लागणार, म्हणजे ७०० मिलीच्या वर दूध. आमच्याकडे तेव्हा दूध ६० रुपये लिटर होतं. नुसत्या दुधाचे ४२ रुपये. गावात बारा रुपयांत ती सावरली असती तर झोळीत आलीच नसती.

आई कुठे आहे, हे दुपारी कळलं. दक्षिण गुजरातमध्ये, ऊसतोडीच्या मुक्कामी. मुकादमाकडून दिवाळीआधी घेतलेली उचल फिटली नव्हती, म्हणून नवरा-बायकोला सोडलं नाही. पोर आजारी पडली तशी आजीबरोबर घरी पाठवली. अंगावरचं दूध त्याच दिवशी तुटलं. घरी मक्याच्या पिठाची पातळ राबडी आणि पाणी घातलेलं शेळीचं दूध. चौदा महिन्यांच्या मुलाचं पोट त्याने भरतं, पण अंगाला काही लागत नाही. आईला तिकडे काय कळवायचं, असं आशाताईंनी विचारलं. आजी म्हणाली, काही नको, रडत ऊस तोडताना हात कापून घेईल.

रात्र खरी अवघड. अशा मुलांना पहाटे धोका जास्त असतो, कारण दोनचं आणि चारचं दूध चुकतं. चुकतं याचं कारण आळस नव्हे. रात्री एकच अधिपरिचारिका, तिच्याकडे आमच्या दहा खाटा आणि शेजारचा सामान्य कक्षही. दोन जागा रिकाम्या आहेत. त्या रात्री मी थांबले. साडेतीनला शेजारी सर्पदंशाचा रुग्ण आला, मी तिकडे पळाले, आणि चारचं दूध चार पंचविसाला दिलं गेलं. पोर पुन्हा गार लागत होती. साखर ५७. जेमतेम. नोंदवहीत वेळ आहे तशी लिहिली. ती चार वाजताची लिहिण्याची सवय अनेक ठिकाणी असते, पण त्यामुळे रात्रीची दुसरी जागा भरायची गरज कागदावर कधी दिसतच नाही.

सकाळी वजन ५.०४. साठ ग्रॅम कमी. आजी घाबरली. आम्ही खूश होतो, कारण उतरलं होतं ते बाटलीचं पाणी. दुधाची मात्रा मात्र दाखल झालेल्या वजनावरच ठेवली.

चौथ्या दिवशी ती नळी ओढून काढायला लागली, वाटीकडे हात करायला लागली. मग दोन दिवस तेवढ्याच मापाने एफ-१००, नंतर दर वेळी १० मिली वाढवत, वाटीत थोडं उरेपर्यंत. दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम चढू लागलं. सुट्टीसाठी १५ टक्के वाढ हवी, म्हणजे ५.८७ किलो. बाराव्या दिवशी ५.४१ होती. आजीने त्या दिवशी पिशवी भरली. घरी सहा वर्षांचा नातू शेजाऱ्यांकडे, शेळ्या बांधलेल्या. बुडीत मजुरीचे पैसे खात्यावर येतात, पण ते कधी येतील हे मला तिला सांगता आलं नाही. समजावलं, थांबली नाही. मुरमुऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, गूळ आणि तेल कसं कालवायचं ते तिच्याच हातून करून घेतलं, अंगणवाडीताईंना फोन केला, कार्डावर पंधरा दिवसांनंतरची तारीख घातली.

त्या तारखेला आजी आली, चार किलोमीटर चालून मग जीपने. पोर कडेवर होती, अंग गरम होतं. दंड ११.२. पट्टी अजून लाल.