फ्रेंचचा पासे सँप्ल येतो? मग इम्पर्फेक्ट सब्जाँक्टिव्ह निम्मा झाला

पासे सँप्ल म्हणजे लिखित फ्रेंचमधला साधा भूतकाळ, आणि सब्जाँक्टिव्ह म्हणजे इच्छा, शंका अशा वाक्यांनंतर उपवाक्यात येणारं क्रियारूप; इम्पर्फेक्ट हा त्याचा भूतकाळ. कॉलेज रोडच्या फ्रेंच क्लासांत या रूपांचा उगाच धसका घेतात. पासे सँप्लचं 'त्यू'चं (तू) रूप घ्या आणि शेवटच्या एसपुढे एस-ई लिहा: 'पार्ले' (बोलणे) घ्या, 'त्यू पार्ला'वरून (tu parlas) 'क झ पार्लास' (que je parlasse). 'नू'ला (आम्ही) पार्लासियों.

खरी गोम 'इल'मध्ये (तो). तिथे डबल एस नाही. स्वरावर सर्कमफ्लेक्सची टोपी, शेवटी टी. 'एत्र'चं (असणे) 'इल फ्यू' दोन्ही काळांत कानाला सारखंच, फरक फक्त टोपीचा, म्हणून नेमकी तीच लिहायची राहून जाते. 'फिनिर'ची (संपवणे) तर 'इल' सोडून बाकी रूपं वर्तमान सब्जाँक्टिव्हसारखीच.

मुख्य क्रियापद भूतकाळात किंवा कंडिशनलमध्ये ('असं झालं असतं' छापाचं रूप) असेल तेव्हा हा काळ, तोही जुन्या साहित्यिक गद्यात. बोलताना 'पार्लासियों' म्हणाल तर पॅरिसवालाही हसेल. बोलण्यात वर्तमान सब्जाँक्टिव्ह चालतो.