केंद्र म्हणजे पराणी

पॉलस अलेक्झांड्रिनुसचं ज्योतिषावरचं छोटंसं ग्रीक पुस्तक मराठीत आणायला घेतलं तेव्हा दीड वर्षात उरकेल असं वाटलं होतं. साडेसहा वर्षं लागली. प्रत्यक्ष भाषांतराला त्यातली दोनच. बाकीची टिपा, परवानगी, अक्षरजुळणी आणि ‘हे नक्की कुठल्या कपाटात ठेवायचं?’ या प्रश्नात गेली.

पॉलस चौथ्या शतकातला. ग्रंथाचं नाव ‘आयसागोगिका’, म्हणजे प्रवेशिका. ग्रीक ज्योतिषकारांतला टॉलेमी घे, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. पण टॉलेमी तत्त्वज्ञ. ग्रह फळ का देतात याचीच त्याला जास्त काळजी. व्हेट्टियस व्हॅलेन्स हा दुसरा ज्योतिषकार घ्यावा तर नऊ भागांचा पसारा. पॉलस मात्र शिकवणीच्या सरांसारखा आहे: व्याख्या, हिशेब, उदाहरण, चला पुढे. मी स्वतः कोणाच्या पत्रिका पाहत नाही. तीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवलं, आणि वराहमिहिराचं बृहज्जातक हा ज्योतिषग्रंथ शिकवताना त्यातली क्रिय, तावुरि, जितुम, लेय, जूक अशी राशींची नावं बघून दर वर्षी मुलं विचारायची, ‘मॅडम, हे संस्कृत आहे?’ नाही, ग्रीक आहे. क्रिओस, टाउरोस, डिडुमोई, लेओन, झुगोन. एवढं सांगून मी पुढे जायचे. निवृत्त झाल्यावर ते ‘पुढे जाणं’ मला खुपायला लागलं.

ग्रीक शिकले ती पाद्री होऊ घातलेल्या मुलांना नव्या कराराची ग्रीक शिकवणाऱ्या एका सरांकडे. साठीत क्रियापदं पाठ करणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. सर म्हणाले, ‘बाई, तुमचं संस्कृत तुम्हाला तारेल आणि तेच बुडवेल.’ दोन्ही खरं ठरलं.

बुडवलं ते पहिल्याच महत्त्वाच्या शब्दानं. केन्ट्रॉन. आपलं केंद्र याच शब्दावरून आलेलं, तेव्हा भाषांतर ‘केंद्र’, विषय संपला. पण कोशात पहिला अर्थ निघाला टोचणारं टोक, बैल हाकायची पराणी. माझ्या आजोळी ओसरीच्या आढ्याला अशी एक खोचलेली असायची, टोकाला बारीक आर ठोकलेली. कंपासचं टोक जिथे रुततं तो बिंदूही केन्ट्रॉन, आणि तिथून पुढे भूमितीतलं केंद्र. ज्योतिषात लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारं, म्हणजे पहिलं स्थान), दशम, सप्तम आणि चतुर्थ ही पत्रिकेतली स्थानं म्हणजे चार केन्ट्रा. आपल्याकडचे १, ४, ७, १०. त्यांच्या मागून उगवणारी स्थानं एपानाफोरा, तेच आपलं पणफर; आणि कलून उतरलेली आपोक्लिमा, आपलं आपोक्लिम. पत्रिका मांडणारा कुठलाही गुरुजी हे शब्द रोज वापरतो, आणि ते ग्रीक आहेत म्हटलं की रागावतो.

आता करायचं काय? ‘केंद्र’ लिहिलं तर वाचक म्हणणार, बघा, यांनी आपलंच उचललं. ‘पराणी’ लिहिलं तर जाणकार वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटणार. शेवटी मजकुरात केंद्र ठेवलं आणि खाली दीड पानाची टीप दिली. आपोक्लिमाला मात्र ‘उतरती जागा’ म्हटलं. हे विसंगत आहे, मला मान्य आहे. पण ‘आपोक्लिम’मधला उतार आता कोणालाच ऐकू येत नाही, आणि पॉलसच्या वाचकाला तो ऐकू येत होता.

क्लेरोस या शब्दावर तर चार महिने काढले. पॉलस सात क्लेरोस देतो. त्यातला पहिला नशिबाचा: दिवसाचा जन्म असेल तर सूर्यापासून चंद्रापर्यंतचे अंश मोजायचे आणि तेवढेच लग्नापासून पुढे टाकायचे, रात्रीचा असेल तर चंद्रापासून सूर्यापर्यंत. ताजिकवाल्यांनी, म्हणजे अरबी-फारसी वळणाचं ज्योतिष पाहणाऱ्यांनी, लगेच ओळखलं असेल, हे पुण्यसहम. सहम हा अरबी सह्म, म्हणजे बाण आणि वाटाही. ग्रीक क्लेरोस म्हणजे नावं घालून काढलेली चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीनं पदरात पडलेला जमिनीचा तुकडा. माझं टिपण वाचणारे दोघेही म्हणत होते, ‘सहम’च ठेवा. मी ‘वाटा’ ठेवला. ‘नशिबाचा वाटा’ म्हटलं की मराठी माणसाला काही समजवावं लागत नाही. होरिआ या शब्दानं तर काहीच त्रास दिला नाही. राशीचे पाच ग्रहांत वाटलेले तुकडे ते. अरबीत हद्द, ताजिकात हद्दा, आणि आपली हद्द तर ग्रामपंचायतीपासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे आहे.

टिपांमध्ये मी रमले ते खरं, आणि त्या मूळ ग्रंथाच्या अडीचपट झाल्या. दुरुधुरा योग म्हणजे डोरुफोरिआ. डोरु म्हणजे भाला, तेव्हा डोरुफोरोस म्हणजे चक्क भालदार. चंद्राच्या दोन्ही बाजूंना ग्रह उभे, भालदार-चोपदारांसारखे. ज्याचं नाव काढलं की आईबापांचे चेहरे उतरतात तो केमद्रुम म्हणजे केनोड्रोमिआ, रिकामी धाव. चंद्र धावतोय आणि सोबतीला कोणी नाही, एवढंच.

प्रकाशकांचं थोडक्यात सांगते. ज्योतिषाची पुस्तकं काढणाऱ्या एकांना हस्तलिखित आवडलं, फक्त टिपा काढा आणि शेवटी उपायांचं प्रकरण जोडा म्हणाले. कोणते उपाय, तर ‘ग्रीक उपाय’. दुसरे संशोधनपर ग्रंथ काढणारे. त्यांनी न उघडताच परत केलं, अंधश्रद्धा छापत नाही म्हणून. ‘म्लेच्छ असले तरी यवनांकडे (म्हणजे ग्रीकांकडे) हे शास्त्र नीट आहे, ऋषींसारखे तेही पूज्य’ असं सहाव्या शतकात लिहिणारा वराहमिहिर या दोघांनाही परवडला नसता. पैसे घालून स्वतःच छापायचं ठरवलं.

मूळ ग्रंथ सोळाशे वर्षं जुना, त्यावर हक्क कोणाचा? कोणाचाच नाही. पण हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेला छापील पाठ आधुनिक संपादकाचा असतो. मी वापरला तो एमिली बोअर यांचा, लाइपझिगहून १९५८ साली निघालेला. समोरासमोर ग्रीक पाठ छापण्याचा मोह सोडला, टिपांपुरते शब्द घेतले, आणि तरी हक्कधारकांना पत्र लिहून ठेवलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, दलालाला पैसे देऊ नका.

खरी परीक्षा अक्षरजुळणीची. अक्षरं जुळवणारा आमचा मुलगा मराठीत पटाईत, पण जुन्या फाँटवर हात बसलेला. ग्रीक शब्द टाकले की चौकोन उमटायचे. सगळं युनिकोडात आणलं, तर स्वरांवर श्वासचिन्हं आणि आघात. ‘मॅडम, हे वरचे किडे काढू का? स्वच्छ दिसेल.’ मी त्याला दोन शब्द लिहून दाखवले. किडा एका बाजूला वळला तर होरोस, म्हणजे सीमा. दुसऱ्या बाजूला वळला तर ओरोस, म्हणजे डोंगर. तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘म्हणजे आपल्या अनुस्वारासारखं.’ त्यानंतर एकही किडा हरवला नाही. मुद्रितशोधकाचा प्रसंग वेगळाच. वराहमिहिरानं कुंभेला दिलेलं नाव आहे हृद्रोग, ग्रीक हुड्रोखोओस, पाणी ओतणारा. प्रुफावर लाल शाईत आलं: ‘कुंभ राशीला हृदयरोग? असं सरसकट लिहिणं बरोबर नाही.’

तीनशे प्रती छापल्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची ग्रंथालयं अशा चार ठिकाणी प्रकाशकाच्या खर्चानं प्रती पाठवायच्या असतात, महिन्याच्या आत. स्वतःच प्रकाशक झाल्यावर हे कोणी आठवण करून देत नाही. पोस्टाच्या पावत्या मी पुस्तकातच ठेवल्यात.

तीन आठवड्यांनी कोल्हापूरहून फोन. निवृत्त गणित शिक्षक. ‘बाई, तुमच्या पुस्तकाप्रमाणे तो दिवस शुक्रवार निघतो. तुम्ही बुधवार लिहिलाय.’

कुठलं पान ते मला न सांगताच कळलं. दिवसाच्या चोवीस होरा, म्हणजे तास, सात ग्रहांमध्ये फिरवल्या की तीन उरतात, आणि त्यावरून वारांचा क्रम लागतो. तो भाग पॉलस छान समजावतो. मग वार काढायची रीत देतो आणि उदाहरणाला ‘आजचा’ दिवस घेतो: रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या शकाचं ९४ वं वर्ष, मेखिर या इजिप्शियन महिन्याची २० तारीख. वर्षं ९४, त्यांचा चौथा हिस्सा २३, वर २. मेखिर सहावा म्हणून महिन्याला दोन प्रमाणे १२, आणि दिवस २०. बेरीज १५१, सातनं भागून उरले ४, रविवारपासून मोजलं की बुधवार. आपल्या हिशेबानं १४ फेब्रुवारी ३७८. तो बुधवारच होता, मी तपासलं होतं.

पान उघडलं. २३ च्या जागी ३२ छापलेलं. तीनदा प्रुफं वाचून.

‘आता बेरीज १६० होते,’ सर शांतपणे म्हणाले, ‘उरतात सहा.’

गंमत म्हणजे पॉलसचं स्वतःचं पुस्तकही सुधारूनच काढलेलं आहे. आधी राशींचे उदयकाल चुकले होते, ते त्याच्या मुलानं, क्रोनामोननं, लक्षात आणून दिलं, असं तो सुरुवातीलाच लिहितो. त्या ओळीवर माझी सहा ओळींची कौतुकाची टीप आहे. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. एकशे ऐंशी प्रती घरात शिल्लक होत्या, त्यांत आत चिकटवल्या. गेलेल्या प्रतींपैकी ज्यांचे पत्ते होते त्यांना पोस्टानं पाठवल्या, चारही ग्रंथालयांनाही. कोल्हापूरच्या सरांना पाठवलेल्या पाकिटात चिठ्ठी घालायला मात्र विसरले. त्यांचा परत फोन आला.